फाइल मोडते कशी, सिमेंट टिकतं किती : दातांच्या प्रयोगशाळेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एमडीएसचे (दंतवैद्यकातल्या पदव्युत्तर पदवीचे) विद्यार्थी, स्वतःचा दवाखाना चालवणारे डेंटिस्ट आणि नुकतंच रूट कॅनाल झालेले चौकस पेशंट या तिघांनी मला वेळोवेळी विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. कोणता प्रश्न कोणाचा, हे वाचताना कळेलच.

डेंटल लॅब म्हणजे जिथून कॅप बनून येते तीच ना?

नाही, ती वेगळी. तिथे तुमच्या दाताच्या मापावरून कॅप, कवळी, ब्रिज तयार होतात. आमच्या लॅबमध्ये काहीच तयार होत नाही, फक्त मोडतं, आणि तेही मुद्दाम. फाइल तुटेपर्यंत फिरवायची, सिमेंट दातापासून सुटेपर्यंत ओढायचं, दात चिरेपर्यंत दाबायचा आणि प्रत्येक वेळी आकडा लिहून ठेवायचा. याला 'इन व्हिट्रो' अभ्यास म्हणतात, म्हणजे तोंडाबाहेर केलेला.

एमडीएसच्या तीन वर्षांत प्रबंध करावाच लागतो. पेशंटवर अभ्यास करायचा तर पेशंट जमवा, त्यांना वर्ष-दोन वर्षं पुन्हा पुन्हा बोलवा, अर्धे येत नाहीत, तोवर परीक्षा आली. त्यामुळे पुष्कळ मुलं लॅबची वाट धरतात. कॉलेजमध्ये सगळी यंत्रं नसतात. मग कुठल्या तरी इंजिनियरिंग कॉलेजात, सळया आणि काँक्रीटचे ठोकळे घेऊन आलेल्यांच्या मागे आपण दातांची डबी घेऊन नंबर लावायचा. तिथला ऑपरेटर पहिल्यांदा डबीत डोकावतो तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो.

फाइल म्हणजे नेमकी काय वस्तू? ते लाल-पिवळे रंग कशासाठी?

दाताच्या मुळातली नळी साफ करून तिला आकार देणारी बारीक, पीळदार धातूची काडी. रंग म्हणजे जाडी. १५ नंबर पांढरी, २० पिवळी, २५ लाल, ३० निळी, ३५ हिरवी, ४० काळी. नंबर म्हणजे टोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. लाल फाइलचं टोक ०.२५ मिमी. नेहमीच्या हाताच्या फाइलमध्ये तिथून वर दर मिलिमीटरला जाडी ०.०२ मिमीने वाढते आणि कापणारा भाग १६ मिमीचा असतो. म्हणजे त्या भागाच्या वरच्या टोकाला जाडी ०.५७ मिमी.

आज हे सरळसाधं वाटतं, पण पूर्वी प्रत्येक कंपनीचा नंबर तिच्या मर्जीचा असे. इंगल आणि लेव्हाईन यांनी १९५८ मध्ये सगळ्यांचं माप एक असावं अशी मांडणी केली आणि पुढे त्यातून आंतरराष्ट्रीय मानक आलं.

चांगली स्टीलची फाइल असताना निकेल-टायटॅनियम कशाला आलं?

कारण दाढेची मुळं सरळ नसतात. वाकड्या नळीत स्टीलची जाड फाइल घातली की ती सरळ व्हायला बघते, आणि बाहेरच्या बाजूची भिंत खरवडून स्वतःची नवीच वाट काढते. हाताने काम करणाऱ्या प्रत्येकाने असा 'लेज' एकदा तरी केलेला असतो.

निकेल-टायटॅनियमचा हा मिश्रधातू अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेतला. 'निटिनॉल' या नावातच निकेल, टायटॅनियम आणि त्या नेव्हल ऑर्डनन्स लॅबोरेटरीची आद्याक्षरं आहेत. दंतवैद्यकात तो आधी आला दात सरळ करायच्या तारेत. १९८८ मध्ये वालिया, ब्रँटली आणि गर्स्टीन यांनी त्याच तारेपासून १५ नंबरच्या फाइल घडवल्या आणि स्टीलच्या तितक्याच जाडीच्या फाइलशी तुलना केली. वाकण्यात आणि पिळण्यात त्या दोन ते तीन पट लवचिक निघाल्या. हा शोधनिबंध लॅबमधलाच, एकही पेशंट नाही, आणि त्याने जगभरातल्या रूट कॅनालचा चेहरा बदलला. 'लॅबच्या अभ्यासाचा काय उपयोग?' असं कोणी म्हटलं की मी हेच उदाहरण देते.

या धातूची गंमत तापमानात आहे. ठरावीक तापमानाच्या वर त्याची अंतर्गत रचना ताठ असते, तिला ऑस्टेनाइट म्हणतात. खाली ती मऊ, वळवता येणारी, म्हणजे मार्टेन्साइट. कारखान्यात उष्णता देऊन ते तापमान वर-खाली सरकवता येतं. आताच्या काही फाइल बोटाने वाकवल्या तर तशाच वाकड्या राहतात, आणि ऑटोक्लेव्हमधून (वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्रातून) काढल्या की पुन्हा सरळ झालेल्या दिसतात. पहिल्यांदा हे बघणारी नर्स मला म्हणाली होती, "मॅडम, ही तर वाकडी ठेवली होती मी!"

फाइल मोडते कशी, आणि तुम्ही ती लॅबमध्ये मोडता कशी?

मोडायचे प्रकार मुख्यतः दोन. एकात टोक डेंटिनमध्ये, म्हणजे इनॅमलच्या आतल्या कठीण थरात, अडकतं, मोटर वरून फिरवतच राहते आणि फाइल पिळून तुटते. याची चाचणी मानकात ठरलेली आहे : टोकाकडचे ३ मिमी घट्ट पकडायचे आणि दुसरी बाजू मिनिटाला दोन फेऱ्या इतक्या सावकाश फिरवायची. किती बलाला आणि किती अंशाला तुटली, ते यंत्र सांगतं.

दुसरा प्रकार थकव्याचा. वाकड्या नळीत फाइल फिरते तेव्हा तिची बाहेरची बाजू ताणली जाते आणि आतली दाबली जाते. अर्ध्या फेरीनंतर याच बाजूंची अदलाबदल. बांधायची तार पक्कड नसताना आपण खाली-वर वाकवून तोडतो ना, अगदी तसं. फक्त इथे मिनिटाला तीनशे वेळा. वर काहीच दिसत नाही, टोक मोकळं फिरत असतं, आणि अचानक तुकडा होतो.

ही चाचणी बघायला तुम्ही लॅबमध्ये आलात तर दिसेल ते असं. स्टीलचा एक ठोकळा, त्यात कोरलेली वाकडी खाच, वर काच. खाच बऱ्याचदा ६० अंशांची आणि ५ मिमी त्रिज्येची असते. त्रिज्या वेगळी सांगावी लागते, कारण कोन तोच ठेवून वळण तीव्र किंवा पसरट करता येतं आणि त्यावर फाइलचं आयुष्य ठरतं. हे १९९७ मध्ये प्रुएट आणि सहकाऱ्यांनी ठळकपणे दाखवलं. त्याआधी सगळे फक्त कोन मोजत. हँडपीस, म्हणजे फाइल फिरवणारा मोटरचा दांडा, स्टँडला पक्का केलेला, खाचेत तेलाचा थेंब, शेजारी मोबाइल व्हिडिओ घेत उभा. मोटर सुरू. पहिला मिनिट उत्साहात जातो, मग चहाची आठवण येते, आणि नेमकी तेव्हाच बारीक 'टिक' ऐकू येते. फाइल ३०० च्या वेगाने ८४ सेकंद टिकली असेल तर ३०० गुणिले ८४ भागिले ६० म्हणजे ४२० फेऱ्या. तुकड्याची लांबी मोजायची, तो लेबल लावलेल्या पुडीत ठेवायचा, पुढची फाइल. अशा चाळीस-पन्नास.

नंतर ते तुकडे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली जातात. थकून तुटलेल्या पृष्ठभागावर भेगेच्या सुरुवातीजवळ बारीक समांतर रेघा दिसतात. पिळून तुटलेल्यावर मध्याभोवती गोल ओरखडे. पेशंटच्या तोंडात तुटलेली फाइल कशाने तुटली, हे याच खुणांवरून उलगडतं. २००० साली सट्टापन आणि सहकाऱ्यांनी दवाखान्यात वापरून टाकलेल्या एका प्रकारच्या फाइल तपासल्या, तेव्हा तुटलेल्यांपैकी ५५.७ टक्के पिळून आणि ४४.३ टक्के थकून तुटल्या होत्या. म्हणजे नुसती थकव्याची चाचणी करून 'ही फाइल सुरक्षित' म्हणणं निम्मं उत्तर झालं.

ब्रोशरवर 'तिप्पट टिकाऊ' लिहिलंय. मग ती तीन पेशंटना जास्त वापरू?

नको. स्टीलच्या खाचेतल्या फेऱ्यांचं पेशंटच्या संख्येत रूपांतर करणारं गणित अस्तित्वात नाही. खाचेत फाइल मोकळी फिरते, काही कापत नाही, अडकत नाही. प्रत्येक लॅबच्या खाचेचा आकार वेगळा, त्यामुळे एका शोधनिबंधातले ४२० आणि दुसऱ्यातले ९०० शेजारी ठेवून काही कळत नाही. आकडा फक्त त्याच ठोकळ्यात, त्याच दिवशी फिरलेल्या दुसऱ्या फाइलशी तुलना करायला.

शिवाय चाचणी कुठल्या तापमानाला केली ते आधी बघा. एसी लावलेल्या खोलीत फिरवलेली फाइल ३७ अंशांच्या पाण्यात फिरवली की लक्षणीय लवकर तुटते. का, ते वर आलंच आहे : गरम झाली की रचना ताठ होते. जुन्या अभ्यासांपैकी बरेच खोलीच्या तापमानाचे आहेत. ब्रोशरवाले हे बारीक अक्षरातही लिहीत नाहीत.

आपल्याकडे फाइल एकदाच वापरून टाकणं बहुतेकांना परवडत नाही, हे मला माहीत आहे. मीही प्रॅक्टिस करते. पण मग वापर मोजा, प्रत्येक वेळी भिंगाखाली पीळ सुटला का बघा, आणि एखादं फार वाकडं मूळ करून आली की ती फाइल सरळ टाका, मग तो तिचा पहिला पेशंट का असेना.

माझ्या दाढेत फाइलचा तुकडा राहिलाय. डॉक्टरांची चूकच ना?

तुटली म्हणून चूक, असं नाही. वर वाचलंत तसं, थकवा बाहेरून दिसत नाही. चूक होते ती लपवण्यात. तुकडा राहिला तर तो एक्स-रेवर दाखवून तुम्हाला सांगायला हवा आणि कागदावर लिहायला हवा. दाताचं पुढे काय होणार हे तुकड्यापेक्षा, तुटला त्या वेळी मुळात जंतुसंसर्ग किती होता आणि तुकड्याच्या पलीकडचा भाग साफ झाला होता का, यावर जास्त अवलंबून असतं. पुष्कळ दात तुकड्यासह वर्षानुवर्षं शांत असतात.

प्रयोगाला माणसांचे दात आणता कुठून?

दात सरळ करताना जागा व्हावी म्हणून काढलेल्या उपदाढा हे आमचं धन. तरुण पेशंट, कीड नाही, आणि खालच्या उपदाढेत बहुधा एकच नळी. 'बहुधा' म्हणून दोन दिशांनी आरव्हीजी (दाताचा डिजिटल एक्स-रे) काढायचा आणि दोन नळ्यांचे दात बाजूला टाकायचे. बाकी अक्कलदाढा आणि हिरड्यांच्या आजाराने हललेले दात. कॉलेजच्या एथिक्स कमिटीची परवानगी लागते. दात कोणाचा हे बाटलीवर लिहायचं नाही.

काढल्यावर वरचा मांसल भाग खरवडायचा आणि दात ओला ठेवायचा. पुष्कळजण ०.१ टक्के थायमॉल किंवा ०.५ टक्के क्लोरामाइन-टी वापरतात, काही नुसतं डिस्टिल्ड वॉटर, फ्रिजमध्ये ४ अंशाला. सिमेंट चिकटण्याच्या चाचण्यांसाठी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक म्हणतं की दात सहा महिन्यांपेक्षा जुना नको. आपल्याकडच्या प्रबंधांत ही अट कितपत पाळली जाते, यावर न बोललेलं बरं.

दात कोरडा पडला तर काय होतं ते मी किंमत मोजून शिकले. पहिल्या वर्षी चार महिने दवाखान्यांच्या दारोदार फिरून साठ उपदाढा जमवल्या. दिवाळीला गावी जाताना बाटली फ्रिजमध्ये ठेवायची ती खिडकीशी राहिली, झाकणही सैल. आले तेव्हा बाटलीच्या तळाशी पांढरी रेघ आणि खडखडणारे दात. नुसत्या डोळ्यांना ठीक वाटत होते. मागून बारीक दिवा धरला तर मुळांत उभ्या चिरा, जवळजवळ प्रत्येकात. माझा विषय होता मुळाला तडा जायला किती बल लागतं हा. सरांनी बाटली हलवून बघितली आणि एवढंच म्हणाले, "चला, पुन्हा दारं वाजवा."

गाईबैलांचे दात किंवा प्लॅस्टिकचे ठोकळेही वापरतात. दुधाची तहान ताकावर. ठोकळ्यात सगळ्यांना नेमकी सारखी नळी मिळते हा फायदा, पण प्लॅस्टिक डेंटिनपेक्षा मऊ असतं आणि घर्षणाने वितळून फाइलला चिकटतं.

मायक्रो-सीटीचा एवढा गाजावाजा का?

कारण या बारीक त्रिमितीय एक्स-रे स्कॅनने दात न कापता, फाइल फिरवायच्या आधी आणि नंतर, नळी मोजता येते. २००१ मध्ये पीटर्स आणि सहकाऱ्यांनी असंच मोजलं, तेव्हा कुठल्याही पद्धतीने काम केलं तरी नळीच्या भिंतीचा ३५ टक्के किंवा त्याहून जास्त भाग फाइलने शिवलेलाच नव्हता. तेव्हापासून 'फाइल साफ करते' हे वाक्य मी वर्गात वापरत नाही. फाइल वाट करते. साफ करतं ते सोडियम हायपोक्लोराइट. कुठली फाइल घेऊ, यावर तासभर वाद घालणारे सिरिंजमधलं द्रावण दोन मिनिटांत संपवतात, त्याचं मला नवल वाटतं.

दाताच्या रंगाचं सिमेंट 'अमुक मेगापास्कल' ताकदीचं, म्हणजे काय?

एक चौरस मिलिमीटर जोड सुटायला जितके न्यूटन बल लागलं तितके मेगापास्कल. १९५५ मध्ये बुओनोकोर यांनी इनॅमलवर, म्हणजे दाताच्या बाहेरच्या कवचावर, फॉस्फोरिक आम्ल लावून प्लॅस्टिक चिकटवून दाखवलं, तिथून ही शाखा सुरू झाली. त्यांचं आम्ल ८५ टक्के होतं, आपण आज ३७ च्या आसपास वापरतो.

दातावर कंपोझिट, म्हणजे हेच दाताच्या रंगाचं सिमेंट, चिकटवून करवतीने साधारण १ मिमी जाडीच्या काड्या पाडायच्या आणि प्रत्येक काडी दोन्हीकडून ओढायची. बघायचं ते दोन ठिकाणी. एक, काडी तुटली कुठे : जोडात, की सिमेंटच्या पोटात? सिमेंटच्या पोटात तुटली असेल तर तो आकडा जोडाचा नाहीच. दोन, ओढण्याआधीच, करवतीखालीच किती काड्या सुटल्या? त्या गाळून उरलेल्यांची सरासरी छापली की कुठलंही बाँडिंग (चिकटवायचं द्रव्य) देखणं दिसतं. हा आकडा निबंधात नसेल तर मी पुढचं वाचत नाही.

तोंडातली वर्षं लवकर उरकायला नमुने ५ आणि ५५ अंशांच्या पाण्यात आलटून-पालटून बुडवतात. दहा हजार चक्रं म्हणजे अंदाजे एक वर्ष, हा १९९९ चा गेल आणि डार्व्हेल यांचा हिशोब सगळे वापरतात. पण तो हिशोबच आहे, निरीक्षण नव्हे.

पुढच्या दाताचं सिमेंट पिवळं पडलं. माल हलका होता का?

आधी सांगा, घरी हळद किती? हा विनोद नाही. रंग धरण्याच्या आपल्याकडच्या प्रयोगांत चहा-कॉफीबरोबर हळदीचं द्रावण हमखास असतं, आणि बऱ्याचदा तेच सगळ्यांना मागे टाकतं. हळदीतलं कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळतं. म्हणून नुसतं हळदपाणी करून केलेला प्रयोग मला अपुरा वाटतो. आपली हळद पोटात जाते ती फोडणीतून. प्रयोगात सिमेंटच्या गोल चकत्या करायच्या, यंत्राने रंग मोजायचा, ३७ अंशांच्या द्रावणात ठेवायच्या आणि पुन्हा मोजायचा. दोन रंगांतलं अंतर साधारण १.२ च्या पुढे गेलं की निम्म्या लोकांना फरक दिसतो आणि २.७ च्या पुढे निम्म्यांना तो खटकतो. माझ्या एका विद्यार्थिनीच्या चकत्या आठवडाभरात अक्षरशः श्रीखंडाच्या रंगाच्या झाल्या होत्या. गंमत म्हणजे कर्क्युमिन उजेडात फिकं पडतं, त्यामुळे खिडकीशी ठेवलेल्या चकत्यांनी तिला आठवडाभर चकवलं.

माल हलका नसतानाही डाग पडतात. सिमेंट घट्ट करणारा प्रकाश कमी मिळाला, दिवा दातापासून लांब धरला, किंवा पट्टी दाबून आलेली चकचकीत वरची साय पॉलिश करून काढलीच नाही, की ती रेझिनची साय रंग पिते.

एमटीए म्हणजे बांधकामाचं सिमेंटच ना? मग एवढं महाग का?

एमटीए म्हणजे मुळाचं टोक किंवा मुळाला पडलेलं भोक बंद करायचं सिमेंट. नातं खरं आहे. तोराबिनेजाद यांनी कॅलिफोर्नियातल्या लोमा लिंडा विद्यापीठात ते विकसित केलं, १९९३ मध्ये पहिला निबंध आला, आणि त्याचा मुख्य घटक पोर्टलँड सिमेंटच आहे. एक्स-रेत दिसावं म्हणून बिस्मथ ऑक्साइड मिसळलेलं. ओल असतानाच ते घट्ट होतं, हीच त्याची खुबी, कारण मुळाच्या टोकाशी कोरडं करणं अशक्य असतं. पण म्हणून हार्डवेअरच्या दुकानातली पिशवी चालत नाही : त्यात शिसं-आर्सेनिक किती यावर दातासाठी कुणाची नजर नसते आणि कण जाडे असतात.

तोटेही लॅबनेच दाखवले. घट्ट व्हायला पावणेतीन तास, आणि हायपोक्लोराइटशी संबंध आला की बिस्मथमुळे दात काळवंडतो. म्हणून नंतरच्या बायोडेंटिन या सिमेंटमध्ये बिस्मथऐवजी झिर्कोनियम ऑक्साइड आहे आणि ते साधारण १२ मिनिटांत बसतं.

चांदी भरणं बंद झालं का?

या चांदीत पारा असतो, वाद त्यावरून. युरोपीय संघात १ जानेवारी २०२५ पासून, अपवाद सोडून, हो. भारताने पाऱ्याबाबतचा मिनामाता करार २०१८ मध्ये मान्य केला. तोंडात असलेली धड चांदी घाबरून उकरून काढू नका. पाऱ्याची खरी वाफ उकरतानाच निघते.

मॅडम, प्रबंधाला विषय सुचवा ना.

'तीन कंपन्यांच्या फाइलची तुलना' सोडून काहीही. भरलेल्या मुळात रंगद्रव्य किती झिरपतं ते मोजणारे अभ्यासही नकोत. चांगली नियतकालिकं ते आता दारातूनच परत पाठवतात. चेन्नईच्या मंडळींनी २०१४ मध्ये लॅब अभ्यासांसाठी 'क्रिस' ही तपासयादी दिली, आणि २०२१ मध्ये एंडोडोंटिक्ससाठी (रूट कॅनालच्या शाखेसाठी) 'प्राइल' आली. दोन्ही याद्या विषय ठरवण्याआधी वाचा, लिहायला बसल्यावर नव्हे. नमुने किती घ्यायचे याचा हिशोब आधी, वाटणी चिठ्ठ्या टाकून, आणि मोजणाऱ्याला गट माहीत नको. 'सीनियरने प्रत्येक गटात दहा घेतले होते' हे कारण व्हायव्हात चालत नाही.

आमच्या दवाखान्यात काढलेले दात पडून असतात. कॉलेजला देऊ का?

जरूर. कापसात किंवा टिश्यूत गुंडाळू नका, हायपोक्लोराइटमध्येही टाकू नका, ते डेंटिनमधलं कोलॅजन खातं. झाकणाच्या बाटलीत डिस्टिल्ड वॉटर, बाहेर तारीख, पेशंटचं नाव नको. चांदी भरलेले दात वेगळ्या बाटलीत, कारण ते ऑटोक्लेव्ह करत नाहीत, पाऱ्याची वाफ होते. त्यांना १० टक्के फॉर्मेलिनमध्ये दोन आठवडे ठेवतात. आणि झाकण घट्ट लावा.